भूत दिसलं तर जवळ जा! : एका जपानी गेमचा अभ्यास

'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' असं म्हटल्यावर पहिला प्रश्न पडतो तो विषयाचा. पाऊस, आई, मैत्री आणि मेसची भाजी या चार विषयांवर कॉलेजच्या मासिकांमध्ये इतकं लिहून झालं आहे की पाचवा विषय शोधणं भाग होतं. म्हणून मी भूत निवडलं. तेही साधंसुधं नाही, जपानी भूत! आणि राहायला प्लेस्टेशनमध्ये.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'भीती'मधल्या वेलांट्या पहिल्या की दुसऱ्या हे मला आजही दोनदा तपासावं लागतं. पण भीती म्हणजे काय हे कळायला वेलांटी लागत नाही. सेकंड इयरला एम-थ्रीचा पेपर हातात पडल्यावर ते आपल्या सर्वांना एकाच भाषेत कळतं.

आता तुम्ही म्हणाल, गेमचा कसला अभ्यास? गेम खेळायचा असतो! खरं आहे. पण काही गेम असे असतात की खेळून झाल्यावर दोन-तीन दिवस डोक्यातून जात नाहीत. हा त्यातला आहे. माझ्या मावसभावाच्या जुन्या प्लेस्टेशन २ वर दिवाळीच्या सुट्टीत मी तो खेळले, आणि नंतर त्यावर मिळेल ते वाचत सुटले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते. मुद्दा एकच आहे : बाकीचे गेम भीतीपासून लांब पळायला शिकवतात, हा गेम तिच्याकडे नीट बघायला लावतो. आणि नीट बघितलं की भुताच्या जागी माणूस दिसायला लागतो.

एक गेम, तीन नावं

टेक्मो या जपानी कंपनीने हा गेम डिसेंबर २००१ मध्ये जपानात आणला. दिग्दर्शक माकोतो शिबाता, निर्माते केइसुके किकुची. जपानमध्ये त्याचं नाव 'झीरो', म्हणजे चक्क शून्य! २००२ मध्ये अमेरिकेत तो 'फेटल फ्रेम' नावाने आला आणि युरोपात 'प्रोजेक्ट झीरो' नावाने. शून्यासाठी जी जपानी चित्रलिपी वापरली आहे तिचा एक उच्चार 'रेई' असा होतो, आणि आत्मा किंवा भूत यासाठी जो शब्द आहे त्याचाही उच्चार 'रेई'च. म्हणजे नावातच कोटी आहे. शून्य आपण जगाला दिलं असं आपण नेहमी सांगतो, पण त्यात भूत बघितलं ते जपान्यांनी!

पुढे २००३ मध्ये दुसरा भाग आला, २००५ मध्ये तिसरा. चौथा २००८ मध्ये आला तो फक्त जपानमध्ये. बाहेरच्या चाहत्यांना राहवेना, त्यांनी २०१० मध्ये स्वतःच इंग्रजी भाषांतराचा पॅच तयार केला. तो भाग अधिकृतपणे जगभर यायला २०२३ साल उजाडलं. पंधरा वर्षं! पाचवा भाग २०१४ मध्ये आला. मी या लेखात मुख्यतः पहिल्या भागाबद्दल लिहिणार आहे, कारण पाया तिथे आहे. (पुढे गोष्टीचा शेवटही सांगितला आहे. ज्यांना गेम स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद डोळे मिटून वाचावा.)

गोष्ट थोडक्यात

साल १९८६. जपानमधल्या डोंगरात हिमुरो नावाचा एक ओसाड वाडा. एक कादंबरीकार नव्या पुस्तकासाठी माहिती गोळा करायला आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर तिथे जातो आणि परत येत नाही. त्याला शोधायला त्याचा शिष्य माफुयू जातो, तोही परत येत नाही. मग माफुयूची धाकटी बहीण मिकू भावाला शोधायला एकटी निघते. तिच्या हातात टॉर्च आणि आईकडून आलेला एक जुना कॅमेरा. बस्स. बंदूक नाही, तलवार नाही, मंत्र नाही.

वाड्यात कागदाचे तुकडे, डायऱ्या आणि कॅसेट सापडत जातात आणि कोडं उलगडतं. वाड्याखाली पाताळाचं दार आहे. ते बंद ठेवण्यासाठी हे घराणं पिढ्यानपिढ्या एका मुलीचा बळी देत आलं आहे. तिचे हात, पाय आणि मान दोरांना बांधून ओढायचे, आणि तिच्या रक्ताने भिजलेल्या त्या दोरांनी दार बांधून टाकायचं. शेवटची मुलगी किरिए. तिला वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं, कारण तिला जगाची ओढ लागायला नको. पण वाड्यात आलेल्या एका पाहुण्यावर तिचा जीव जडला. घरातल्या मोठ्यांनी त्या माणसालाच संपवलं. बळीच्या वेळी किरिएच्या मनात ती ओढ तशीच होती, म्हणून दोर टिकले नाहीत, दार उघडलं आणि सगळा वाडा मेला. शेवटी माफुयू सापडतो, पण तो बहिणीबरोबर परत येत नाही. दार अडवून उभ्या राहिलेल्या किरिएला एकटीला सोडायचं नाही म्हणून तो तिथेच थांबतो. मिकू एकटी बाहेर पडते, आणि त्यानंतर तिला भुतं दिसणं बंद होतं.

शस्त्र म्हणून कॅमेरा

१९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'पासून 'सर्व्हायव्हल हॉरर' हा प्रकार रुळला. त्याची साधी रेसिपी अशी : अंधारी जागा, थोड्या गोळ्या, जास्त राक्षस. गोळी लागली की राक्षस लांब पडतो, आणि तो जितका लांब तितके आपण सुरक्षित. थोडक्यात काय, तर अंतर म्हणजे सुरक्षितता.

'फेटल फ्रेम'ने हेच समीकरण उलटं केलं. भुतावर चालतो तो फक्त कॅमेरा. फोटो काढला की भुताची ताकद कमी होते. पण किती कमी होते ते कशावर ठरतं बघा :

एक, भूत किती जवळ आहे. जितकं जवळ तितका जास्त परिणाम.

दोन, भुताला व्ह्यूफाइंडरमधल्या गोलात किती वेळ धरून ठेवलं. जितका जास्त वेळ तितकी शक्ती साठते. भूत गोलाबाहेर सरकलं की साठलेली शक्ती ओसरू लागते.

तीन, क्षण कोणता. भूत अंगावर झेप घेतं अगदी त्या क्षणी बटण दाबलं तर सर्वांत मोठा फटका. या शेवटच्या क्षणाच्या फोटोलाच दुसऱ्या भागापासून 'फेटल फ्रेम' म्हणतात.

म्हणजे सर्वांत चांगला फोटो आणि सर्वांत मोठा धोका एकाच बिंदूवर आहेत! इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर फायद्याचा आलेख आणि धोक्याचा आलेख दोन्ही एकाच दिशेने चढतात. ऑप्टिमम कुठे आहे ते कुठल्याच टेक्स्टबुकमध्ये नाही, ते तुमच्या छातीत आहे. ज्याला जेवढं धैर्य तेवढे त्याला मार्क.

यात आणखी तीन अडचणी मुद्दाम घातल्या आहेत. पहिली म्हणजे फिल्म. गोष्ट १९८६ ची, म्हणजे रोलचा जमाना. फिल्मचे प्रकार आहेत. साधी फिल्म सहज मिळते पण कमजोर असते, भारी फिल्म मोजकीच मिळते. आपण मोबाईलवर एकाच चहाच्या कपाचे चाळीस फोटो काढतो आणि एक ठेवतो. इथे प्रत्येक क्लिकला विचार करावा लागतो. दुसरी अडचण म्हणजे फोटो काढल्यावर पुढची फिल्म चढायला लागणारा वेळ. तेवढ्यात तुम्ही अगदी निराधार! तिसरी अडचण सगळ्यांत हुशारीची आहे. एरवी मिकू आपल्याला बाहेरून दिसते, पण कॅमेरा डोळ्याला लावला की आपण तिच्या डोळ्यांतून बघतो. मग फक्त समोरची चौकट दिसते, बाजूचं आणि मागचं काही नाही. चालणंही मंदावतं. आणि भुतांना भिंतीचं बंधन नाही. समोरचं भूत भिंतीत शिरलं की ते कुठून निघेल याचा नेम नाही.

थोडक्यात, बघायचं असेल तर बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करावं लागतं. आणि बघितल्याशिवाय सुटका नाही.

पळून जाऊ म्हणाल तर मिकूचं पळणं म्हणजे आपल्या सबमिशनच्या आदल्या रात्रीच्या जर्नलसारखं. जोर खूप, वेग शून्य!

दार उघडायलाही फोटोच

कॅमेऱ्याचं काम मारामारीपुरतं नाही हे मला विशेष आवडलं. वाड्यातली काही दारं शापाने बंद आहेत. त्या दाराचा फोटो काढला की फोटोत दार दिसतच नाही, दुसरीच एखादी जागा दिसते. मग ती जागा आठवायची, शोधायची, तिथे जाऊन फोटो काढायचा, तेव्हा दार उघडतं. म्हणजे आधी जिथून आपण घाबरून भरभर निघून आलो, तिथेच परत जाऊन नीट बघायला लागतं.

शिवाय काही भुतं हल्लाच करत नाहीत. कोपऱ्यात एखादी बाई क्षणभर उभी असते, जिन्यावरून कोणीतरी जातं, तेवढ्यात फोटो काढला तर मिळाला, नाहीतर गेलं. कॅमेऱ्याचा दिवा एका रंगाचा झाला की धोका, दुसऱ्या रंगाचा झाला की काहीतरी सांगण्यासारखं आहे. दोन्ही वेळी छातीत धडधडतंच. पण हळूहळू फरक कळायला लागतो, आणि समोर दिसणारी प्रत्येक आकृती आपल्या जिवावर उठलेली नसते हे लक्षात येतं.

फोटोतल्या भुतांचा खरा इतिहास

गेममधल्या कॅमेऱ्याचं नाव 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'अंधारी खोली'. शाळेत आपण पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून पिनहोल कॅमेरा केला होता आणि त्यात उलटी मेणबत्ती बघितली होती, तेच तत्त्व. गेममध्ये हा कॅमेरा आसो नावाच्या एका संशोधकाने बनवलेला दाखवला आहे. तो काल्पनिक आहे. पण त्याच्या आसपासचा इतिहास काल्पनिक नाही.

अमेरिकेत बॉस्टनमध्ये १८६० च्या दशकात विल्यम मम्लर नावाचा माणूस 'आत्म्यांचे फोटो' काढून द्यायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि फोटोत त्याच्यामागे एक धूसर आकृती यायची. एकाच काचेवर दोनदा प्रकाश पडला की असं सहज होतं, हे आज आपल्यापैकी कोणीही सांगेल. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, पण पुराव्याअभावी तो सुटला. पुढे अब्राहम लिंकन यांच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. त्यात तिच्यामागे लिंकन यांची आकृती उभी आहे! वाचताना आधी हसू येतं. पण तो काळ यादवी युद्धाचा आणि त्याच्या मागोमागचा होता, घराघरांत कोणीतरी गेलेलं होतं. लोक पैसे मोजत होते ते भीतीसाठी नाही, तर तो चेहरा पुन्हा एकदा दिसावा म्हणून.

जपानमध्ये १९१० च्या सुमारास टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी मनातली प्रतिमा फोटोच्या काचेवर उमटवता येते का, याचे प्रयोग केले. इतर शास्त्रज्ञांनी कडाडून आक्षेप घेतले आणि अखेर फुकुराईंना विद्यापीठ सोडावं लागलं. या प्रकरणाची सावली पुढे 'रिंग' या प्रसिद्ध जपानी भयकथेवर पडली. १९७० च्या दशकात तर जपानमध्ये भुतांच्या फोटोंची लाटच आली होती. शिवाय तिघांचा फोटो काढला तर मधला लवकर मरतो असा एक जुना समज तिकडे आहे. म्हणजे कॅमेरा आणि मृत्यू यांचं नातं जपानी खेळाडूच्या मनात आधीपासून होतं, गेमने फक्त बटण दिलं.

एक गंमत सांगते. अमेरिकेतल्या आवृत्तीच्या कव्हरवर 'सत्य घटनेवर आधारित' असं छापलं होतं. अनेकांनी हिमुरो वाडा नकाशावर शोधला! असा वाडा कुठेही नाही. प्रेरणा आहे ती दंतकथांची आणि दिग्दर्शकाला पडलेल्या स्वप्नांची. मम्लरच्या काचा आणि हे कव्हर, दोन्हींचा धंदा एकच : लोकांना जे खरं असावंसं वाटतं ते छापून देणं. असो!

खांबातली बाई

जपानी भुताला 'युरेई' म्हणतात. पांढरे कपडे, कारण प्रेताला पांढरं नेसवतात. मोकळे लांब केस. आणि पाय नाहीत! अठराव्या शतकात मारुयामा ओक्यो या चित्रकाराने बिनपायाचं भूत रंगवलं आणि तेव्हापासून ते रूढ झालं असं मानतात. आपल्याकडे भुताचे पाय उलटे, त्यांच्याकडे पायच नाहीत. चपला विकणाऱ्याचं दोन्हीकडे नुकसान.

पण युरेई म्हणजे सैतान नव्हे. ज्याचं काहीतरी राहून गेलं आहे, ज्याच्यावर अन्याय झाला आहे, असा माणूस. या गेममधली बहुतेक भुतं मुळात बळी आहेत. एक आंधळं भूत आहे, तिची गोष्ट ऐका. त्या घराण्यात लहान मुलींचा एक खेळ होता, साधारण आपल्या आंधळ्या कोशिंबिरीसारखा. जिच्यावर राज्य ती इतर मुलींना पकडायची. फरक इतकाच की जिच्यावर राज्य तिचे डोळे खरोखर फोडलेले असायचे. खेळात जी पहिली सापडली तिला पुढच्या वेळी आंधळं करायचं, आणि जी सगळ्यांत शेवटी सापडली ती दोरांसाठी. मुलींना वाटायचं खेळ चालू आहे! हे डायरीत वाचलं आणि मी गेम पॉज करून पाणी प्यायले.

ही कल्पना आली कुठून? तर इमारत किंवा पूल टिकावा म्हणून जिवंत माणूस पायात पुरायचा, अशा दंतकथा जपानमध्ये खूप आहेत. त्याला 'हितोबाशिरा' म्हणतात, शब्दशः अर्थ 'मनुष्य-खांब'. फुकुई भागात मारुओका नावाचा किल्ला आहे, १५७६ मध्ये बांधलेला. त्याची दंतकथा अशी की बांधताना तटाची भिंत पुन्हापुन्हा कोसळत होती. तेव्हा ओशिझू नावाच्या एका डोळ्याने अधू, गरीब विधवेने मुलाला सामुराई करण्याच्या वचनावर स्वतःला खांबाखाली पुरून घ्यायला होकार दिला. किल्ला उभा राहिला. पण तिथला सरदार दुसरीकडे गेला आणि वचन राहून गेलं. दर वसंतात पावसाने खंदक भरून वाहायचा, त्याला लोक ओशिझूचे अश्रू म्हणायचे.

सिव्हिलवाल्यांनो, भिंत पुन्हापुन्हा का कोसळते? जमीन कच्ची असेल, पाण्याचा निचरा नसेल, पाया उथळ असेल. विधवा पुरल्याने यातलं काहीच बदलत नाही. पण दंतकथेत खांबात कोण जातं ते बघा. सरदार जात नाही, गवंड्यांचा मुकादम जात नाही, जिचं मागे विचारणारं कोणी नाही ती जाते. आणि जपानला हसायचं कारण नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अधिकृत नावात पहिल्यांदा 'नरबळी' हाच शब्द येतो.

मला वाटतं, हा गेम खरा घाबरवतो तो इथे. केस मोकळे सोडलेली बाई बघून आपण दचकतो, पण दचकणं एका सेकंदात संपतं. घरातल्या शहाण्या, वडीलधाऱ्या माणसांनी नीटनेटक्या अक्षरात 'विधी वेळेवर पार पाडावा' असं लिहून ठेवलंय, हे वाचल्यावर जे वाटतं ते लवकर जात नाही. गेममध्ये त्या म्हाताऱ्यांना राक्षस म्हणून रंगवलेलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की एकीच्या जिवावर सगळे वाचतात. हिशोब त्यांचा चोख होता, फक्त त्या एकीला विचारलं नव्हतं.

पुढचे दोन भाग : बहीण आणि दुःख

दुसऱ्या भागात मिओ आणि मायू या जुळ्या बहिणी आहेत. त्यांच्या लहानपणीची जागा धरणाच्या पाण्याखाली जाणार असते म्हणून त्या शेवटचं बघायला येतात आणि नकाशावर नसलेल्या एका गावात अडकतात. त्या गावात जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्याचा गळा आवळायचा अशी प्रथा होती. लहानपणीच्या अपघातामुळे मायू लंगडते, आणि त्याचा सल मिओच्या मनात आहे. धरणात गाव जाणं म्हणजे काय हे आपल्या कॉलेजमधल्या अनेकांना घरातून ठाऊक आहे, त्यामुळे ती सुरुवात मला फार जवळची वाटली. या भागात भुतांची एक यादीच ठेवलेली आहे. फोटो मिळाला की त्या यादीत नोंद होते, म्हणजे मारलेल्यांचा स्कोअर ठेवतात तसं नाही, हजेरीपटासारखं!

तिसऱ्या भागात रेई नावाची फोटोग्राफर आहे. ती गाडी चालवत असताना अपघात होतो आणि शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा जातो. मग तिला रोज स्वप्नात एक वाडा दिसतो, आणि उठल्यावर अंगावर गोंदणासारखी निळी नक्षी पसरत जाते, दुखत जाते. त्या वाड्याची कथा अशी की लोक आपल्या माणसांच्या मृत्यूचं दुःख तिथल्या एका पुजारणीच्या अंगावर गोंदवून घेत असत, स्वतः मोकळं व्हायला. पुन्हा तेच. सगळ्यांचं ओझं एका मुलीवर. या भागात भूत बाहेर नाहीच म्हटलं तरी चालेल. 'मी वाचले आणि तो गेला' हेच भूत. अशा भुतापासून पळून जायला जागा नाही, कारण झोप कोण चुकवणार?

आणि आपलं भूत

आता हॉस्टेलच्या वाचकांसाठी एक घरचा अभ्यास. आमच्या लेडीज हॉस्टेलला दुसऱ्या मजल्यावर एक बंद खोली आहे. दरवर्षी फर्स्ट इयरच्या मुलींना लाइट गेले की तिची गोष्ट सांगितली जाते. पांढरा ड्रेस, रात्री दोनला पैंजण, सगळं साहित्य यथासांग. एक मुलगी तिथे 'गेली' म्हणे. गेम खेळून आल्यावर मला एक प्रश्न पडला, की या गोष्टीत मुलीला नाव का नाही?

म्हणून मी मेसच्या मावशींना विचारलं. त्या इथे सगळ्यांत जुन्या. पोळी लाटता लाटता त्या थांबल्या. म्हणाल्या, "पोरी, ती खोलीत नाही गेली. कावीळ झाली म्हणून सुट्टीवर घरी गेली, आणि घरीच गेली." मग त्यांनी नाव सांगितलं, ब्रँच सांगितली. दर रविवारी दुपारी ती मावशींच्या मुलीला गणित शिकवायची हेही सांगितलं. खोली बंद का, तर छत गळतं म्हणून! शेवटी जरा रागावूनच म्हणाल्या, "ती कशाला भूत होईल? तिला परीक्षेला परत यायचं होतं."

ते नाव मी इथे छापत नाही, कारण तिच्या घरच्यांना विचारलेलं नाही. पण या वर्षी फर्स्ट इयरच्या मुलींनी त्या खोलीबद्दल विचारलं तेव्हा मी पैंजणाऐवजी रविवारच्या गणिताची गोष्ट सांगितली. कोणी किंचाळलं नाही. एकीने फक्त विचारलं, "मग त्या मावशींच्या मुलीला दहावीला गणितात किती पडले?" मी पुन्हा मेसमध्ये गेले. एकशेपन्नासपैकी एकशे एकोणतीस.

निष्कर्ष (हा भाग परीक्षेला येतो!)

कुठल्याही लॅब जर्नलसारखा शेवटी निष्कर्ष लिहायचा तर तो असा. भीती वाढते ती माहिती कमी असल्यामुळे. 'फेटल फ्रेम' बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी अंधार दिला, चौकट लहान केली आणि फिल्म मोजून दिली. पण त्यांनी उपायही त्याच हातात दिला : कॅमेरा उचल, जवळ येऊ दे, थांब, मग बघ. भीती जाते असं ते म्हणत नाहीत. मिकू शेवटपर्यंत घाबरलेलीच असते. ती फक्त पाठ फिरवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हॉस्टेलमध्ये कोणी भुताची गोष्ट सुरू केली तर जरूर ऐका, पांघरूणही ओढून घ्या, मजा येते. फक्त गोष्ट संपली की तीन प्रश्न विचारा. नाव काय होतं? कुठली होती? आणि तिला काय करायचं राहून गेलं? उत्तरं मिळाली तर रात्री बाथरूमला जाताना रूम-पार्टनरला उठवावं लागणार नाही.

आणि उठवावं लागलंच, तर टॉर्च घेऊन जा. पॅसेजमधला बल्ब गेलाय, त्यात मात्र भुताचा काही हात नाही. रेक्टर मॅडमना अर्ज दिला आहे.